'द डॉट' आणि 'द मोस्ट मॅग्निफिसंट थिंग': सहा-सात महिने वाचल्यानंतर

माझ्या पाच वर्षांच्या लेकीसाठी ही दोन चित्रपुस्तकं घेतली. अक्षर मनासारखं आलं नाही की ती कागद फाटेपर्यंत खोडरबर घासायची आणि 'मला येतच नाही' म्हणत वही ढकलून द्यायची. 'झ'ने तर तिला फार रडवलं.

आमच्याकडे जास्त वाचलं गेलं ते ॲशली स्पायर्स यांचं 'द मोस्ट मॅग्निफिसंट थिंग' (२०१४). त्यातल्या मुलीला एक भन्नाट वस्तू बनवायची असते. ती ठोकते, जोडते, पण काही केल्या जमत नाही. शेवटी बोट चेचतं, ती प्रचंड चिडते आणि सगळं सोडून देते. हा राग पुस्तकात दडपलेला नाही, म्हणून मला ते फार आवडतं. नुसतं 'प्रयत्न करत राहा' सांगणारी गोष्ट मुलांना पटत नाही. इथे ती मुलगी कुत्र्याबरोबर फेरफटका मारून येते, फसलेल्या वस्तू पुन्हा बघते आणि प्रत्येकीत काहीतरी बरं जमलंय हे तिच्या लक्षात येतं. या पानावर लेक मला हमखास थांबवते. आता वहीतही तेच करते. 'ह्या झचं पोट बरं आलंय, शेपूट नाही आलं,' असं म्हणत बऱ्या अक्षराला गोल करते. खोडरबर अजून लागतो, पण कागद फाटत नाही.

पीटर रेनॉल्ड्स यांचं 'द डॉट' (२००३) हळू रुजतं. वर्गात कोऱ्या कागदासमोर बसलेली वाष्टी नावाची मुलगी रागाने एक ठिपका काढते. बाई त्यावर तिची सही घेतात आणि तो सोनेरी चौकटीत लावतात. चौकट लेकीला आवडली, पण 'याहून चांगला ठिपका काढेन' हे वाष्टीला का वाटतं, ते समजायला बराच काळ गेला. सहा-सात वर्षांच्या मुलांना ते जास्त भिडेल.

पुस्तकांइतकंच आपलं बोलणं महत्त्वाचं. कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८च्या अभ्यासात, हुशारीचं कौतुक झालेली पाचवीतली मुलं अपयशानंतर लवकर हातपाय गाळत होती. मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली. आमच्या सासूबाई आता 'हुशार गं माझी बाय'च्या जोडीला 'कसं केलंस, दाखव बघू' असंही विचारतात. लेक मग रंगात येऊन सगळं सांगते. मार्क वाढतील म्हणून मात्र ही पुस्तकं घेऊ नका. २०१८मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा 'मेहनतीने क्षमता वाढते' असं मानणारी मानसिकता आणि मार्क यांचा संबंध क्षीणच निघाला.

दोन्ही पुस्तकं इंग्रजी आहेत. मी चित्रं दाखवत मराठीतूनच सांगते आणि लेकीला त्यात काही कमी वाटत नाही. विकत घेण्याआधी वाचनालयात मिळतात का बघा. मराठी चित्रकथा हव्या असतील तर 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेच्या 'स्टोरीवीव्हर' संकेतस्थळावर त्या फुकट वाचता येतात.