जलसेवक आणि पाण्याचा ताळेबंद: गावाने ही सेवा कशी पारखावी

पुण्याच्या 'वॉटर' (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, स्थापना 1993) संस्थेने गावागावातल्या तरुणांना जलसेवक म्हणून तयार केलं. पाऊस मोजायचा, विहिरी मोजायच्या आणि रब्बीच्या आधी गावापुढे पाण्याचा हिशोब मांडायचा, हे त्यांचं मुख्य काम. दुष्काळी पट्ट्यातल्या गावाला नव्या बंधाऱ्याइतकीच या सेवेची गरज आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र हिशोब वेळेवर आणि नीट झाला तरच.

हिशोब समजायला अवघड नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर. 800 हेक्टरच्या शिवारात 500 मिमी पडला तर 400 कोटी लिटर झाले. आकडा ऐकून सभा खूश होते, पण आपल्या काळ्या खडकात त्यातलं ढोबळमानाने दहा टक्केच खाली मुरतं, म्हणजे 40 कोटी. दीड हजार वस्तीला माणशी रोज 55 लिटर धरले तर वर्षाला 3 कोटी लागतात. जनावरांचं पाणी वेगळं. रब्बी कांद्याला एकरी सुमारे 20 लाख लिटर लागतं, म्हणजे शंभर एकर कांद्यातच 20 कोटी गेले. हरभरा त्याच्या निम्म्याहून कमी पाण्यात येतो. चांगला जलसेवक भिंतीवर तक्ता रंगवून थांबत नाही, ही तुलना तो सभेत तोंडी पटवतो.

मापात चूक झाली की पुढचं सगळं फसतं. पर्जन्यमापक झाडापासून किंवा घरापासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर हवा, आणि नोंद रोज सकाळी साडेआठलाच व्हायला हवी. महसूल मंडळाचा आकडा उचलून चालत नाही, कारण तिथे पडलेली सर आपल्या शिवारात पडलीच असेल असं नाही. विहिरी दर वेळी त्याच निवडाव्यात, कठड्यावर रंगाची खूण करून तिथूनच टेप सोडावा आणि कठड्याची उंची वजा करावी. मोटार आदल्या संध्याकाळपासून बंद हवी. चालू मोटारीत मोजलं तर उपशाने उतरलेली पातळी दिसते, खरी दिसत नाही. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे साधारण 28,000 लिटर, एवढं पाठ असलं तरी सभेत उत्तर देता येतं.

आम्हाला खटकणारी गोष्ट दुबार मोजणीची आहे. मुरलेलं पाणी एकदा धरायचं, मग विहिरीतला साठा पुन्हा मिळवायचा, वर प्लास्टिक अंथरलेलं शेततळं तिसऱ्यांदा. ते तळं बहुतेक वेळा विहिरीच्याच पाण्याने भरलेलं असतं! शिवाय बोअर लपवले जातात आणि पिकांचं क्षेत्र कागदावरून उतरवलं जातं. इथे गावचाच पोरगा किंवा पोरगी कामाला येते, कारण कोणाच्या बांधावर रात्री मोटार चालते हे त्यांना ठाऊक असतं. पण भावकीतल्या माणसाचा बोअर वहीत लिहिणं सोपं नाही. म्हणून मोजणीला पाणी समितीतली दोन माणसं सोबत हवीत, त्यातली एक बाई. पिण्याचं पाणी कधी आटतं हे तिला आधी कळतं.

वेळेबाबत तडजोड नको. परतीचा पाऊस संपला की ऑक्टोबरमध्येच ताळेबंद ग्रामसभेत यावा. डिसेंबरात आला तर कांद्याची रोपं लागलेली असतात आणि मग कोणी ऐकत नाही. हिवरे बाजारने पाण्याच्या हिशोबावर पिकं ठरवून दाखवली, कारण तिथे ग्रामसभेचा ठराव पाळला जातो. ठराव नसेल तर जलसेवकाची वही कपाटातच राहते.

सेवा घेण्याआधी गावाने प्रकल्प संपल्यावर मानधन कोण देणार हे लेखी ठरवावं, आणि नोंदवही ग्रामपंचायतीच्या ताब्यात ठेवावी. मोजणारा तरुण नोकरीसाठी शहरात गेला तरी मागच्या वर्षांच्या पातळ्या गावाकडेच असल्या पाहिजेत. त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय एका वर्षाच्या आकड्यावरून फारसं काही ठरवता येत नाही.