बीच फेस्टिवलला जायचं का? खरा हिशोब रात्री दहापर्यंतचा आहे

ऑक्टोबर लागला की आमच्या ग्रुपवर कोणीतरी पोस्टर टाकतंच. नारळाची झाडं, केशरी आकाश, हात वर केलेली पब्लिक आणि खाली "अर्ली बर्ड संपत आलंय" (म्हणजे लवकर काढणाऱ्यांचं स्वस्त तिकीट). यंदाही आलं. मी मागच्या वेळी उत्तर गोव्यातल्या अशाच एका फेस्टिवलला जाऊन आले, नाव नाही घेत कारण जे लिहितेय ते त्या पट्ट्यातल्या जवळपास सगळ्यांनाच लागू आहे, आणि तेव्हापासून मैत्रिणी, भाचा, ऑफिसातली पोरं सगळे विचारतात की जाऊ का, पैसे वसूल होतात का. प्रत्येकाला वेगळी व्हॉइस नोट पाठवून कंटाळले, त्यामुळे एकदाच लिहून टाकते.

आधी सनबर्न या ईडीएमच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकच्या, फेस्टिवलचं बोलून घेऊ कारण अर्ध्या लोकांच्या डोक्यात बीच फेस्टिवल म्हणजे तेच. 2007 ला कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झालं, पहिल्याच वर्षी कार्ल कॉक्ससारखा डीजे वाजवून गेला, नंतर वागातोरला गेलं, मग 2016 ते 2018 चक्क आपल्या पुण्यात (केसनंदला ईडीएम, हे तेव्हाही पचत नव्हतं आणि आताही नाही), 2019 ला परत वागातोर, 2024 ला पेडण्यातलं धारगळ, जिथे हायवे आहे आणि समुद्र नाही, आणि 2025 ला थेट मुंबईत शिवडीला. शिवडीला खाडी आहे, चिखल आहे, फ्लेमिंगो आहेत, बीच नाही. सुपरसॉनिक या दुसऱ्या फेस्टिवलचंही तसंच, 2013 ला कांदोळीला सुरू झालं आणि 2017 ला पुण्यात आलं. म्हणजे ज्या दोन नावांमुळे आपल्याला बीच आणि बेस हे एकत्र आठवतं ती दोन्ही वाळूवरून कधीच उठलीत. आता तिथे उरलेत ते छोटे-मध्यम फेस्टिवल, आणि सध्या ग्रुपवर फिरतायत ती तिकिटं त्यांचीच.

त्यांचाही बीच किती खरा हे बघून घ्या. वाळूवर, भरतीरेषेच्या जवळ मोठं स्टेज ठोकायला सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे, नियम आडवे येतात, त्यामुळे बहुतेक ठिकाणी "बीचसाइड" म्हणजे बीचच्या वरचा सडा (खडकाळ पठार) किंवा मागचं शेत. वागातोरला वर जांभ्याचं लाल पठार आणि खाली समुद्र, मधे कडा. आम्ही होतो तिथून समुद्र दिसत नव्हता, पत्र्याचं कुंपण दिसत होतं आणि त्यावर स्पॉन्सरचे बॅनर. लाल धूळ मात्र भरपूर, पांढरे शूज घालून आलेली पोरं संध्याकाळपर्यंत गुडघ्यापर्यंत विटकरी झालेली. समुद्रच बघायचा असेल तर तिथून जवळच शापोऱ्याच्या किल्ल्यावर चढा, फुकट दिसतो आणि चांगला दिसतो. आणि कुणी मोरजीला अगदी वाळूवर पार्टी आहे म्हणून गळाला लावत असेल तर जरा चौकशी करा, मोरजी आणि मांद्रे ही कासवांची अंडी घालायची ठिकाणं आहेत, त्यांचा सीझन नेमका याच थंडीच्या दिवसात असतो आणि तिथे आवाजावर निर्बंध आहेत, असायलाच पाहिजेत.

आता मुख्य गोष्ट, जी पोस्टरवर कधीच नसते. रात्री दहा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावरचे लाऊडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद, 2005 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने ते आणखी पक्कं झालं, आणि राज्य सरकार सूट देऊन देऊन किती देणार तर बारापर्यंत, तीही सण-सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी वर्षातले पंधराच दिवस. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, एकेकाळी तिथे रात्रभर गाणं चालायचं, पहाटेचे राग पहाटे ऐकायला मिळायचे, आणि आता सवलतीचा एखादा दिवस सोडला तर दहा वाजले की तंबोरे खाली. डीजेला वेगळा न्याय मिळेल असं समजून तिकीट काढू नका.

या एका नियमातून पुढचं सगळं निघतं, नीट बघा. डिसेंबरच्या शेवटी गोव्यात सूर्यास्त साधारण सव्वासहाच्या आधीच होतो. लायटिंग, लेझर, ते भलेमोठे स्क्रीन, ज्याच्यासाठी आपण पैसे मोजतो ते सगळं अंधार पडल्यावरच दिसतं. म्हणजे रोजचे पावणेचार तास. तीन दिवसांचा पास काढला तरी खऱ्या अर्थाने शो म्हणावा असे जेमतेम अकरा तास हातात येतात. ज्याचं नाव बघून तिकीट काढलं तो साडेआठच्या सुमारास येतो आणि पावणेदहाला "गोवा, आय लव्ह यू" म्हणून मोकळा होतो. दुपारी गेट उघडतं तेव्हा आत चिटपाखरू नसतं, सात वाजता मात्र अख्खी पब्लिक एकदम गेटवर, आणि दहा वाजून पाच मिनिटांनी तीच पब्लिक त्याच अरुंद रस्त्यावर. गर्दी, रांगा, टॅक्सीचे भाव, सगळ्याचं मूळ इथे आहे. दहानंतर काय, तर बंद हॉलमधल्या आफ्टर पार्ट्या, त्याचं तिकीट वेगळं. पौर्णिमेच्या रात्री हणजूणला नाचता नाचता उजाडायचं वगैरे जे मामा-काकांकडून ऐकलंय ते विसरा. त्या जमान्याचा डीजे गोवा गिलही 2023 ला वारला.

आणि नियमावर चिडायच्या आधी तिथल्या लोकांचाही विचार करा. घरात आजारी म्हातारं माणूस आणि खिडक्यांची तावदानं थरथरतायत, हे आठ-दहा दिवस सहन करून बघा. हणजूण-वागातोरच्या लोकांच्या तक्रारी हायकोर्टाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेल्या आहेत त्या हौस म्हणून नाही. मी तिथे राहत असते तर मीही सही केली असती.

बरं, चांगलं पण सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई नुसती किरकिर करायला बसलीये. साऊंड. हेडफोनवर हजार वेळा ऐकलेला ट्रॅक तिथे ऐकताना पोटात वाजतो, छातीच्या फासळ्यांमधे वाजतो, ते कुठल्याही पबमधे होत नाही. फक्त कुठे उभं राहायचं ते कळलं पाहिजे. स्टेजला चिकटून उभं राहू नका, तिथे बेसचा नुसता मार बसतो आणि वरचे सूर डोक्यावरून निघून जातात. मैदानाच्या मधोमध साऊंडवाल्यांचा कन्सोल असतो, त्याच्या जरा पुढे किंवा लगेच मागे उभं राहायचं, कारण तो माणूस स्वतःच्या कानाला जे ऐकू येतंय त्यावरच सगळं बसवत असतो. कडेला गेलं की वाऱ्याने आवाज हेलकावे खातो, एक ओळ येते एक जाते. आणि इअरप्लग न्या, हसू नका, जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मधे अशा ठिकाणांसाठी सरासरी 100 डेसिबलची मर्यादा सुचवली आहे आणि पुढच्या रांगेत ती किती पाळली जाते ते दुसऱ्या दिवशी कानातली शिट्टी सांगते. आपल्याकडच्या नियमातली 75 ची मर्यादा मैदानाच्या हद्दीवर मोजतात, तुमच्या कानापाशी नाही.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे लोक. खरंच. इंफाळची पोरं, कोईमतूरचा एक डेंटिस्ट ग्रुप, सांगलीहून आलेले नवरा-बायको जे दोघंही पन्नाशीचे आणि आमच्यापेक्षा जास्त नाचत होते. ओळखपाळख नसताना पाणी शेअर करतात, कोणाचा फोन पडला तर गोल करून शोधतात. हे मला आवडलं आणि ते विकत मिळत नाही.

विकत मिळतं ते महाग मिळतं. मनगटावर एक बँड बांधतात, त्यात पैसे भरायचे, आत रोख चालत नाही. पाचशेच्या पटीत टॉप अप, आणि उरलेले परत हवे असतील तर फॉर्म भरा, त्यातून पुन्हा फी कापणार. आमच्यातल्या कोणीच उरलेले मागितले नाहीत आणि माझा संशय असा की त्यांचा हिशोबही तोच असतो. बाहेरची बाटली आत नेता येत नाही, फुकट पाण्याचा पॉइंट होता पण तो पार टोकाला आणि रांग अशी की एक सेट गेला. खायला तेच ते पिझ्झा, मोमो, लोडेड फ्राइज. गोव्यात येऊन फेस्टिवलच्या आत एक रॉस ऑम्लेट (रस्सा घातलेलं गोव्याचं ऑम्लेट) मिळू नये याला काय म्हणायचं, त्यासाठी रात्री म्हापशात गाड्यावर गेलो आणि ट्रिपमधलं सगळ्यात चांगलं जेवण तेच झालं.

टॉयलेट. मुलींनो, पहिल्या दिवशी ठीक, दुसऱ्या दिवशी नाक दाबून, तिसऱ्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही. टिश्यू आणि सॅनिटायझर जवळ ठेवा, आठच्या आत एकदा जाऊन या. आत सुरक्षेचं वातावरण बरं होतं, बायका गार्ड भरपूर होत्या. प्रॉब्लेम गेटच्या बाहेर सुरू होतो.

गोव्यात ओला-उबर चालत नाही, हे माहीत नसलेली माणसं अजून भेटतात. गोवामाइल्स ॲप आहे पण दहा वाजता हजारो लोक एकाच वेळी तेच ॲप उघडतात. उरतात स्टँडवरचे टॅक्सीवाले आणि त्या क्षणी ते म्हणतील तो भाव. दिवसा पायलट मिळतात, मोटरसायकलवाले, एकट्या माणसासाठी स्वस्त आणि झकास, पण मध्यरात्रीच्या भरवशावर राहू नका. भाड्याची स्कूटर घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळे नंबर असलेलीच घ्या, पांढऱ्या पाटीवाली कोणी स्वस्तात देत असेल तर पोलिसांनी पकडल्यावर दंड तुम्ही भरायचा. आणि प्यायला असाल तर स्कूटरला हातच लावू नका, नाकाबंदी असते हे एक, आणि त्या रस्त्यांना दिवे नाहीत हे दुसरं. म्हणून माझं स्पष्ट मत, चालत जाता येईल अशी खोली मिळत असेल तरच जा. खोली आधी बघा, लाइनअप (कोण कोण वाजवणार ती यादी) नंतर. नाताळ ते एक जानेवारी खोल्यांचे भाव काय होतात ते बघितलं की अर्ध्या लोकांचा निर्णय तिथेच होतो. आम्ही स्वस्तात म्हणून लांबची खोली घेतली आणि वाचवलेले पैसे टॅक्सीत घातले, वर त्या गेस्ट हाऊसवाल्याने चेकआउटला "सीझन चार्ज" लावला तो वेगळाच.

यायचं कसं, तर ट्रेनने थिवी सगळ्यात सोयीचं, विमान असेल तर मोपा, दाभोळी नको, उत्तरेत यायला उगाच अर्धा गोवा ओलांडावा लागतो. पुण्याहून गाडीने आंबोली उतरून सावंतवाडी. परत येताना डिकीत बाटल्या भरून आणायचा मोह टाळा, इन्सुलीच्या चेकपोस्टला परमिट विचारतात.

एक गंभीर गोष्ट लिहिते आणि पुढे जाते. 2019 मधे आणि 2024 मधे गोव्यातल्या फेस्टिवलला आलेल्या तरुण मुलांचे मृत्यू झाले, बातम्या सगळ्यांनी वाचल्यात. ऊन, पाणी नाही, झोप नाही, दारू, आणि त्यावर कोणीतरी हातात ठेवलेली नशेची गोळी, हे एकत्र आलं की जिवावर बेतू शकतं. मेडिकल तंबू कुठे आहे ते आत शिरल्या शिरल्या बघून ठेवा. ग्रुपमधलं कोणी गप्प होऊन बसलं तर "झोपू दे त्याला" म्हणू नका, उचलून तिकडे न्या.

मग जायचं का? भाच्याला मी हो म्हटलंय. बावीस वर्षांचा आहे, चार मित्र आहेत, एका खोलीत पाच जण झोपतील आणि त्यांना कशाचंच काही वाटणार नाही. त्याला एवढंच सांगितलं की तीन दिवसांचा पास घेऊ नको, ज्याला ऐकायचंय तो कुठल्या दिवशी आहे ते जाहीर होईपर्यंत थांब आणि त्या दिवसाचंच तिकीट घे, साडेपाचला आत जा. अर्ली बर्डचे वाचलेले पैसे न आवडणाऱ्या दोन संध्याकाळींवर घालवण्यात काय अर्थ आहे. ज्यांना मुळात गोवा हवाय, समुद्र, मासे, निवांतपणा, त्यांनी जानेवारीच्या मधे कुठलातरी साधा आठवडा निवडावा. लहान मुलं बरोबर असतील तर विषयच नाही.

मी स्वतः यंदा जात नाहीये. नवऱ्याला लाइनअपमधली दोन नावं बघून मोह झाला होता, पण खोलीचे भाव बघून त्याने स्वतःच फोन खाली ठेवला. त्याऐवजी गोव्याच्या अलीकडे, वेंगुर्ल्याजवळ शिरोड्याला चार दिवस काढायचा विचार चाललाय. तिकडे कुणी राहिलं असेल तर बरं होमस्टे सुचवा, वेळागरच्या किनाऱ्याजवळ असेल तर उत्तम, आणि मासे घरचे हवेत.