डेव्ह्ज रिडिस्ट्रिक्टिंग ॲप: फुकट आहे, आणि जेरीमँडरिंग (म्हणजे आपल्या पक्षाला सोयीच्या अशा मतदारसंघांच्या रेघा ओढणं) समजून घ्यायचं तर एवढं कामाचं दुसरं काही मला सापडलं नाही

आधी टेक्सास, मग कॅलिफोर्निया, मग मिसूरी, मग नॉर्थ कॅरोलायना... २०२५ पासून अमेरिकेत मतदारसंघांच्या नकाशांवरून जी मारामारी चालू झालीये तिच्या बातम्या वाचून डोकं भंजाळलं असेल तर अजून एक बातमी वाचू नका, हे ॲप उघडा. फोनवर नको, लॅपटॉपवरच, कारण प्रिसिंक्ट म्हणजे मतदानाचे छोटे छोटे विभाग बोटाने रंगवायला गेलात तर शेजारचेच रंगतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे वेबसाइटवरच चालतं, इन्स्टॉल काही करायचं नाही आणि पैसे शून्य. डेव्ह ब्रॅडली नावाच्या सॉफ्टवेअर इंजिनियरने हे सुरू केलं, म्हणून नावात डेव्ह. तुम्ही अमेरिकेतलं एक राज्य निवडायचं, अमेरिकेच्या संसदेच्या प्रतिनिधिगृहात त्याच्या वाट्याला जेवढ्या जागा आहेत तेवढे रंग मिळतात, आणि तुम्ही काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) किंवा प्रिसिंक्ट रंगवत जायचं. प्रत्येक मतदारसंघाची लोकसंख्या किती कमीजास्त होतेय, आधीच्या निवडणुकांत तिथे कुठल्या पक्षाला किती मतं होती, गोरे, काळे, लॅटिनो मतदार किती, सगळं रंगवता रंगवता बदलताना दिसतं. पूर्वी एवढी माहिती आणि ती चालवणारं महागडं सॉफ्टवेअर पक्षांच्या कन्सल्टंट लोकांकडेच असायचं, आता कॉलेजातल्या पोराकडे पण आहे, आणि माझ्या मते या ॲपची सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

आता खरी मजा. टेनेसी उघडा आणि नॅशव्हिल शोधा. नॅशव्हिल म्हणजे डेव्हिडसन काउंटी, चांगली निळी म्हणजे डेमोक्रॅट. ती अख्खी एकाच मतदारसंघात ठेवा, जागा निळी येते. तिचे तीन तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला आजूबाजूच्या ग्रामीण काउंट्या जोडा, तिन्ही जागा लाल म्हणजे रिपब्लिकन. एक मतदार हलला नाही, एकाचं मत बदललं नाही, आणि अख्ख्या शहराची जागा गायब! २०२२ मध्ये हे खरंच झालं, तिथले जुने डेमोक्रॅट खासदार जिम कूपर यांनी नवा नकाशा बघून पुन्हा उभं राहायचंच नाही असं ठरवलं आणि तिन्ही जागा रिपब्लिकन पक्षाकडे गेल्या. हे मी आधी लेखांमधून वाचलं होतं, पण स्वतःच्या हाताने ती रेघ ओढल्यावर जो राग येतो तो लेख वाचून येत नाही.

ही झाली फोडायची पद्धत. दुसरी कोंबायची, म्हणजे विरोधकांचे मतदार एकाच मतदारसंघात इतके भरायचे की तिथे ते ८० टक्क्यांनी जिंकतात आणि बाकी सगळीकडे हरतात. दोन्ही एकत्र वापरल्या की काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे नॉर्थ कॅरोलायना. राज्य जवळजवळ निम्मं निम्मं. २०२२ ला कोर्टाने आखलेल्या नकाशावर निकाल ७-७ लागला. मग पक्षपाती नकाशे चालणार नाहीत हा आपलाच आधीचा निर्णय राज्याच्या सुप्रीम कोर्टाने फिरवला, विधिमंडळाने नवा नकाशा केला आणि २०२४ ला निकाल १०-४. तेवढ्यावर पण भागलं नाही, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अजून एक जागा ओढायला परत नकाशा बदलला. याच राज्यात २०१६ मध्ये डेव्हिड लुईस नावाच्या आमदाराने कमिटीत उघड सांगितलं होतं की नकाशा १० रिपब्लिकन आणि ३ डेमोक्रॅट असा करूया, कारण ११-२ करणं शक्य आहे असं मला वाटत नाही. लपवाछपवी नाहीच! आणि लपवायची गरजही राहिली नाही, कारण ते प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा २०१९ मध्ये ५ विरुद्ध ४ ने निकाल आला की पक्षाच्या फायद्यासाठी आखलेल्या नकाशांचा निवाडा फेडरल म्हणजे केंद्राची कोर्टं करणार नाहीत, ते राज्यांनी आणि काँग्रेसने म्हणजे अमेरिकेच्या संसदेने बघावं. आज जे चाललंय त्याचं मूळ मला तरी त्या निकालातच दिसतं.

आणि हे एकाच पक्षाचं पाप आहे असं समजू नका. इलिनॉय उघडून बघा, १७ जागा, त्यातल्या १४ डेमोक्रॅट. तिथला १३ नंबरचा मतदारसंघ ईस्ट सेंट लुईसपासून स्प्रिंगफील्डवरून शँपेन-अर्बानापर्यंत अशी बारीक पट्टी ओढत नेलाय, वाटेतली निळी शहरं तेवढी वेचून. कॅलिफोर्नियात नागरिकांचा स्वतंत्र आयोग नकाशे करायचा, चांगलं चाललं होतं, पण टेक्सासने ट्रम्प यांच्या सांगण्यावरून दशकाच्या मध्येच (एरवी हे दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर होतं) रिपब्लिकन पक्षाच्या पाच जागा वाढवायचा नकाशा केला (तिथले डेमोक्रॅट आमदार तो अडवायला राज्य सोडून इलिनॉयला जाऊन राहिले होते, तरी झाला), तर उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सार्वमत घेऊन आयोगाचा नकाशा बाजूला ठेवला. का केलं ते मला समजतं, पण आवडलं नाही म्हणजे नाहीच. त्याच्या पुढच्याच महिन्यात इंडियाना राज्याच्या सिनेटमध्ये (विधिमंडळाच्या वरच्या सभागृहात) रिपब्लिकन बहुमत असूनही वरून आलेला दबाव झुगारून नवा नकाशा ३१-१९ ने पाडला, त्या लोकांबद्दल मात्र मनापासून आदर वाटतो.

आता ॲपचं मला सगळ्यात आवडलेलं फीचर. तुमचा नकाशा पूर्ण झाला की पाच गोष्टींवर मार्क मिळतात: मतांच्या प्रमाणात जागा मिळतात का, किती जागांवर खरी चुरस होईल, अल्पसंख्याकांना प्रतिनिधित्व किती, आकार किती आटोपशीर, आणि काउंट्या किती फोडल्या. एक वाढवायला गेलात की दुसरं पडतं. सगळे आकार छान गोलमटोल ठेवा, काळ्या मतदारांची वस्ती तीन ठिकाणी विभागली जाते. चुरस वाढवा, काउंट्या फुटतात. म्हणजे "कॉम्प्युटरला द्या, तो निष्पक्ष नकाशा काढेल" असं जे म्हणतात ना, त्यांनी एकदा हे करून बघावं, कॉम्प्युटरला पण आधी कुणीतरी सांगावं लागतं की या पाचातलं महत्त्वाचं काय. आणि वाकडातिकडा आकार म्हणजे लबाडी आणि सरळ आकार म्हणजे प्रामाणिक हा समज तर इथे पार मोडतो. यूटाच्या २०२१ च्या नकाशात सॉल्ट लेक काउंटी चार मतदारसंघांत वाटली होती, आकार बघून कुणी दचकणार नाही, पण राज्यातला डेमोक्रॅट मतांचा सगळ्यात मोठा गठ्ठा चारही ठिकाणी बुडाला.

उलट बाजूने मॅसॅच्युसेट्स करून बघाच. २०२० ला तिथे ट्रम्प यांना ३२ टक्के मतं होती आणि ९ पैकी ९ जागा डेमोक्रॅट. पहिल्यांदा वाटतं ही तर सरळसरळ चोरी, पण रंगवायला बसलं की कळतं, रिपब्लिकन मतदार राज्यभर असे पसरलेत की एक पक्की लाल जागा जुळवताना पण घाम फुटतो. म्हणून नुसते टक्के आणि जागा शेजारी ठेवून कुणी आरोप करत असेल तर आधी नकाशा उघडा. तसंच विस्कॉन्सिन, २०१८ ला तिथल्या विधानसभेत डेमोक्रॅटना साधारण ५३ टक्के मतं आणि ९९ पैकी फक्त ३६ जागा, त्यात थोडा हात मिलवॉकी आणि मॅडिसनमध्ये मतं एकवटल्याचा आहे, पण थोडाच, बाकी सगळी पेनाची करामत.

तक्रारी आहेतच. सगळं इंग्रजीत. मोठं राज्य घेऊन बारीक पातळीवर काम करायला लागलं की ब्राउझर धापा टाकतो. मेनू इतके की नवीन माणूस पहिला अर्धा तास नुसता चाचपडतो. पक्षाचा कल दाखवतं तो जुन्या निवडणुकांवरून, आणि मतदार काही दगड नाहीत, रिओ ग्रांदेच्या काठचा दक्षिण टेक्सास २०२४ ला कसा लाल झाला ते सगळ्यांनी पाहिलंय. लोक मार्कांच्या मागे लागतात ते पण मला खटकतं, कारण कुठल्या दोन वस्त्यांची शाळा एक आहे, कुठल्या गावांना एकाच नदीचा पूर सोसावा लागतो हे ॲपला आपोआप कळत नाही, ते तिथल्या माणसांनीच सांगायला हवं. मिशिगनच्या १३ जणांच्या आयोगाने (४ डेमोक्रॅट, ४ रिपब्लिकन, ५ कुठल्याच पक्षाचे नाहीत) जनसुनावण्या घेतल्या त्या यासाठीच. आणि हो, ज्या ॲपने तुम्ही न्याय्य नकाशा काढाल त्यानेच दुसरा कुणी लबाडीचा काढेल. पण त्यांच्याकडे साधनं आधीपासून होती, नव्हती ती आपल्याकडे.

माझ्याकडून साडेचार स्टार, अर्धा कापला तो त्या मेनूंसाठी. सुरुवात न्यू हॅम्पशायरने करा, दोनच जागा आहेत, लोकसंख्या समान ठेवणं म्हणजे काय ते तिथे नीट समजतं. मग टेनेसी, मग नॉर्थ कॅरोलायना. नकाशा सेव्ह करायला अकाउंट लागतं, ते रंगवायला बसायच्या आधीच काढून ठेवा. टेक्सासला इतक्यात हात घालू नका, ३८ जागा आहेत.