नॅससाठी बॅकअप: यूएसबीवाला यूपीएस की १२ व्होल्टचा डीसी यूपीएस?

नॅसला, म्हणजे घरच्या नेटवर्कवर फायली साठवणाऱ्या डिस्कांच्या पेटीला, विजेचा बॅकअप लागतो का, या वादात इथे शिरत नाही. डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज गेली तर रेड ५ मध्ये (डेटा अनेक डिस्कांवर वाटून ठेवण्याची पद्धत) डेटा आणि पॅरिटी (एक डिस्क बिघडली तर डेटा परत मिळवून देणारा हिशोब) यांचा मेळ तुटू शकतो, आणि डिस्कच्या कॅशेमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, अडकलेलं तर जातंच. एवढं ज्याला माहीत आहे त्याचा खरा प्रश्न एकच असतो: यूएसबी केबलने नॅसशी बोलणारा नेहमीचा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस (वीज गेली की बॅटरीवरून एसी देणारा) घ्यायचा, की नॅसच्या अ‍ॅडॉप्टरऐवजी थेट १२ व्होल्ट देणारा छोटा डीसी यूपीएस? मी आधी दुसरा वापरला, आता पहिला वापरतो.

डीसी यूपीएसची बाजू कागदावर खरोखर भक्कम आहे. नेहमीच्या यूपीएसमध्ये बॅटरीतल्या डीसीचं एसी होतं आणि नॅसचा अ‍ॅडॉप्टर त्याचं पुन्हा डीसी करतो. दोन डिस्कांचा नॅस वीस-तीस वॅटवर चालतो. एवढ्या कमी भारावर यूपीएसचा इन्व्हर्टर स्वतःच जे खातो तेही जाणवण्याइतकं असतं. डीसीमध्ये हा द्राविडी प्राणायाम नाही. रिलेची टकटक नाही, रात्री-बेरात्री बीप नाही. आत लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असेल तर ती हजारो वेळा चार्ज-डिस्चार्ज सोसते. नेहमीच्या यूपीएसमधली लेड-अ‍ॅसिड बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते, आणि खोली गरम असेल तर त्याहूनही लवकर.

घेताना मात्र दोन गोष्टी बघाव्यात. ३.५ इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर साधारण २ अ‍ॅम्पिअर ओढते, त्यामुळे राउटरपुरता बनवलेला डीसी यूपीएस नॅस सुरू होतानाच मान टाकतो. दुसरं म्हणजे आउटपुट नियंत्रित हवं. तीन लिथियम-आयन सेलचा पॅक भरलेला असताना १२.६ व्होल्ट देतो आणि उतरत उतरत ९ व्होल्टच्या आसपास येतो. तो व्होल्टेज तसाच पुढे ढकलणारं उपकरण डिस्कांच्या जवळपासही नको.

माझ्याकडचा डीसी यूपीएस या दोन्ही कसोट्यांवर चांगला होता. तो नॅसशी बोलत नाही, हेही घेतानाच माहीत होतं आणि त्यावर तोडगा होता. बॅकअप नसलेल्या सॉकेटवर एक वाय-फाय उपकरण ठेवलं, राउटर बॅकअपवर घेतला, आणि नॅसवरच्या स्क्रिप्टने त्या उपकरणाला ठरावीक वेळाने पिंग करायचं, म्हणजे ‘आहेस का?’ असं नेटवर्कवरून विचारायचं. बराच वेळ उत्तर नाही म्हणजे वीज गेली, म्हणजे शटडाउन. हा भाग विनातक्रार चालला.

वैताग दिला तो वीज परत येण्याने. नॅस शिस्तीत बंद व्हायचा, पण त्याच्या पिनेत १२ व्होल्ट येतच राहायचे, कारण नॅस झोपला हे डीसी यूपीएसला कळायचं साधनच नाही. भार उतरल्यामुळे उरलेली बॅटरी आणखी कितीतरी वेळ पुरायची. तेवढ्यात वीज यायची. ‘वीज आल्यावर आपोआप सुरू व्हा’ ही सेटिंग चालू होती, पण नॅसच्या लेखी वीज कधी गेलीच नव्हती! मग तो बंदच. मी बाहेरगावी असलो की घरी फोन करून कुणाला तरी बटण दाबायला सांगायचं, आणि घरी कुणी नसेल तर बॅकअप, फोटो, सगळं मी परतेपर्यंत ठप्प. राउटरवरून वेक-ऑन-लॅन (बंद उपकरणाला नेटवर्कवरून जागं करणारा संदेश) पाठवता येतं, हे खरं. पण स्क्रिप्ट सांभाळायला आणखी एक स्क्रिप्ट, हे मला नको होतं.

यूएसबीवाल्या यूपीएसमध्ये हे कोडं बनवणाऱ्यांनीच सोडवलेलं आहे. बॅटरी कमी झाल्याचं, किंवा आपण ठरवलेली वेळ संपल्याचं कळलं की नॅस डिस्क सुरक्षित करतो आणि जाता जाता यूपीएसला सांगतो, ‘आता माझी वीज तोड.’ नट या यूपीएसशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरचा यूएसबी ड्रायव्हर यासाठी मुळातच २० सेकंदांची मुदत देतो, आणि पुन्हा वीज द्यायला ३० सेकंदांची. अधल्यामधल्या क्षणी वीज परत आली तरी चांगला यूपीएस आउटपुट एकदा तोडतो आणि मग देतो. नॅसला वीज गेली आणि आली, दोन्ही दिसतं, आणि तो आपला आपण उठतो. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवर यासाठी दोन जागी खूण करावी लागते: सेफ मोडमध्ये (डिस्क सुरक्षित करून थांबलेल्या अवस्थेत) जाताना यूपीएस बंद करण्याचा पर्याय, आणि वीजपुरवठा सुरळीत झाल्यावर आपोआप सुरू होण्याचा. मागे यूएसबी पोर्ट दिसलं म्हणून प्रत्येक यूपीएस हा हुकूम पाळतोच असं नाही. घेण्याआधी नटच्या सुसंगत उपकरणांच्या यादीत तुमचं मॉडेल नक्की शोधा.

यूएसबीवाल्या यूपीएसची भुणभुण आहेच. बॅटरी बदलण्याचा खर्च आहे, वजन आहे. बीप मात्र बऱ्याच मॉडेलांत नटमधून कायमचा बंद करता येतो. यूपीएसची वीज शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर, आहे का ही चिंता बाहेरच्या अ‍ॅडॉप्टरवाल्या नॅसला सहसा करावी लागत नाही. आतच पॉवर सप्लाय असलेला मोठा नॅस असेल तर शुद्ध साइन वेव्ह घेतलेली बरी.

घरात कायम कुणीतरी असेल, आणि वीज पाच-दहा मिनिटांपलीकडे जात नसेल, तर डीसी यूपीएस घेणाऱ्याला मी अडवणार नाही. त्या परिस्थितीत तो कदाचित जास्त सुखाचा ठरेल. माझाही फेकलेला नाही, राउटर त्याच्यावरच चालतो. पण नॅस एकटा राहणार असेल तर माझा कल यूएसबीकडेच.

कोणताही घेतलात तरी चाचणी करताना प्लग उपटू नका, सॉकेटचं बटण बंद करा, म्हणजे अर्थिंग जोडलेलं राहतं. आणि नॅस बंद झाला की लगेच समाधान मानू नका. बटण पुन्हा चालू करा, हात न लावता नॅस उठतो का ते बघा, आणि ही चाचणी यूपीएस दुकानाला परत करायची मुदत संपायच्या आत करा.