गिअरबॉक्स उतरला एकदा, लेबर लावलं दोनदा

कसारा घाट चढताना गाडी ओढेना. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आरपीएमचा काटा वर जायचा, वेग मात्र चाळिशीपुढे जाईना, आणि आत जळका वास. क्लच प्लेट गेली हे मलाही कळलं. कसंबसं नाशिक गाठलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला लावली. गाडी ८५ हजार किलोमीटर चालली आहे, क्लच जाण्याबद्दल माझी तक्रार नाही. अ‍ॅडव्हायझरने क्लच सेटची किंमत आणि ३,५०० रुपये लेबर असा अंदाज दिला. मी जॉब कार्डवर सही केली.

दुपारी एकच्या सुमाराला त्याचा फोन आला. "सर, गिअरबॉक्स खाली घेतलाय. मागचं क्रँकचं ऑइल सील ओलं दिसतंय, शाफ्टचे दोन्ही सीलही कडक झालेत. उघडलंच आहे तर आत्ताच बदलून घ्या, नाहीतर पुढे परत गिअरबॉक्स उतरवायचं लेबर बसेल." सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो. सल्ला योग्यच होता, आजही मी तसंच म्हणेन. (क्रँक म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारे दांडे, आणि सील म्हणजे तिथून तेल गळू नये म्हणून बसवलेली रबरी कडी.) सील कितीचे, एवढंच मी विचारलं. सगळे मिळून आठशेच्या आत, असं उत्तर आलं. मी हो म्हटलं. लेबरचं मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

सव्वापाचला "गाडी तयार आहे" असा मेसेज आला. काउंटरवर गर्दी, गाडी धुऊन दारात उभी. बिलाचा एकूण आकडा अंदाजापेक्षा बराच मोठा होता, पण जास्तीचं काम सांगितलंच होतं, असं मनाशी म्हणत मी कार्ड पुढे केलं.

आमच्या शेजारच्या काकांनी एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहेत. रात्री त्यांना बिल दाखवलं. पार्टचं पान त्यांनी उलटून टाकलं आणि लेबरच्या पानावर बोट ठेवलं. क्लच असेंब्ली बदलणे, ५ तास, ३,५००. क्रँकचं मागचं ऑइल सील बदलणे, साडेपाच तास, ३,८५०. शाफ्टचे सील बदलणे, १.८ तास, १,२६०. गिअर ऑइल बदलणे, अर्धा तास, ३५०. एकूण ८,९६० आणि वर १८ टक्के जीएसटी.

"तुमचा गिअरबॉक्स त्यांनी दोनदा उतरवला का हो?" काकांनी विचारलं.

त्यांनी समजावलं ते इथे लिहितो, कारण हे कळल्याशिवाय बिल वाचताच येत नाही. कंपनी प्रत्येक कामाला ठरावीक तास लावून देते आणि वर्कशॉप त्याला आपल्या ताशी दराने गुणतं. आमच्याकडे तो दर ७०० रुपये होता. मेकॅनिकने काम तीन तासांत संपवलं तरी पाच तासांचे पैसे, आणि बोल्ट गंजून सात तास लागले तरी पाचाचेच. या पद्धतीला माझा विरोध नाही. नवशिक्याच्या संथपणाचा भुर्दंड गिऱ्हाइकाला बसत नाही आणि आकडा आधी कळतो.

पण प्रत्येक कामाचे तास ठरवताना गाडी पूर्ण जोडलेली आहे असं धरलेलं असतं. मागचं सील बदलायचे साडेपाच तास का? तर बॅटरी, एअर फिल्टर, शाफ्ट आणि गिअरबॉक्स काढून, क्लच सोडवून, ज्याच्या मागे हे सील असतं त्या फ्लायव्हील नावाच्या जड चाकापर्यंत पोचायला आणि सगळं परत बसवायला तेवढा वेळ लागतो म्हणून. माझ्या गाडीत ही सगळी उघडझाप क्लचच्या पाच तासांत आधीच धरली होती. उरलं काय? फ्लायव्हीलचे बोल्ट, जुनं सील काढून नवं बसवणं. काकांच्या हिशेबाने पाऊण तास, फार तर ०.८, म्हणजे ५६० रुपये. शाफ्ट तर बाहेरच होते, त्यांच्या सीलला ०.३ तास, २१० रुपये. आणि गिअरबॉक्स उतरवायचा तर ऑइल काढावंच लागतं, परत भरावंच लागतं. त्याचं वेगळं लेबर कसलं? रास्त लेबर ४,२७० होत होतं. ४,६९० रुपये जास्त लावले, जीएसटी धरून ५,५३४.

मला सगळ्यात लागलं ते फोनवरचं वाक्य. परत उतरवायचं लेबर वाचेल असं सांगून माझा होकार घेतला, आणि तेच लेबर बिलात लावलं.

दुसऱ्या दिवशी गेलो. अ‍ॅडव्हायझर म्हणाला, कोड टाकला की रक्कम सिस्टिममधून आपोआप येते. मॅनेजर म्हणाले, दोन माणसं लागली होती. मी म्हटलं, साहेब, ठरावीक दरात माणसं आणि मिनिटं मोजायची नसतात असं तुम्हीच सांगता, मग आता माणसं का मोजता? एकत्र केलेल्या कामांचे तास कंपनीच्या लेबर शेड्यूलमध्ये काय दिलेत ते छापून द्या. ते मिळालं नाही. माझी गाडी उघडणारा मेकॅनिक मागेच उभा होता. तो पगारी माणूस, त्याच्याशी माझं भांडण नव्हतं. त्याने काम चोख केलं होतं.

मग कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल केला: जॉब कार्ड, बिल, फोटो, फोनची वेळ, आणि एकच प्रश्न, गिअरबॉक्स किती वेळा उतरवला? आठवडाभराने सील-लेबरचे ३,८५० आणि त्यावरचा ६९३ रुपये जीएसटी 'पुढच्या सर्व्हिसमध्ये वळते करू' असं उत्तर आलं. त्या दारात परत जायची माझी इच्छा नव्हती. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली, तेव्हा पैसे खात्यात आले. जिल्हा ग्राहक आयोगाचीही तयारी ठेवली होती; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.

तुमची गाडी वर्कशॉपमध्ये असताना "उघडलंच आहे तर" असा फोन आला, तर पार्टच्या किमतीबरोबर जास्तीचं लेबर किती आणि सामाईक लेबर वजा केलं का, हे विचारा. उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा, मगच हो म्हणा. पार्ट सांगून लेबर गाळण्याचीच ही युक्ती आहे.

परत आलेल्या रकमेत सील बदलायचे ५६० रुपये त्यांचे रास्त होते, ते मी पत्रात मान्य केलं. शाफ्ट आणि गिअर ऑइलच्या जास्तीच्या १,४०० रुपयांतून ते वजा जाता माझे ८४० रुपये आणि त्यावरचा जीएसटी अजून त्यांच्याकडे आहेत. त्याचं पत्र काल पाठवलं.