कॅराव्हॅनचं पावसाळी कव्हर: पार्सल फोडण्याआधी काट्यावर ठेवा

बिलावर असं छापलेलं होतं: ‘कस्टम फिट कॅराव्हॅन कव्हर, चार थर, २०० जीएसएम, शंभर टक्के वॉटरप्रूफ, ब्रीदेबल, यूव्ही प्रोटेक्टेड, ५ वर्षे वॉरंटी.’ किंमत साडेसोळा हजार. निम्मे आगाऊ, उरलेले माल निघण्याआधी. मे महिन्याच्या अखेरीस कव्हर गोव्यात, बार्देशात पोचलं. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ते शिवणीतून गळायला लागलं, आणि चतुर्थीच्या सुमारास काढलं तेव्हा खिडक्यांवर चंदेरी पापुद्रे चिकटलेले, आत गाद्यांना बुरशी. विक्रेता फोन उचलत नाही.

कॅराव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर), कॅम्पर, किंवा मालक परदेशी असल्यामुळे बंद घरासमोर चार महिने उभी राहणारी गाडी, सगळ्यांना हाच माल वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. म्हणून या एका कव्हरात फसवणूक नेमकी कुठे कुठे होती आणि ती वेळेत कशी पकडता आली असती, ते सविस्तर मांडत आहोत.

आधी वजन. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. ते तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. या कॅराव्हॅनची बॉडी ५.५ मीटर लांब, २.२ मीटर रुंद, आणि छतापासून खालच्या कडेपर्यंत २.३ मीटर. छताचं कापड १२.१ चौरस मीटर, दोन लांब बाजूंचं २५.३, पुढच्या-मागच्या बाजूंचं १०.१. एकूण साडेसत्तेचाळीस चौरस मीटर. कापड खरोखर २०० जीएसएमचं असतं तर नुसत्या कापडाचंच वजन साडेनऊ किलो भरलं असतं. शिवणीच्या दुमडी, पट्टे, बकलं आणि पिशवी धरून दहा किलोच्या वर. पार्सलवर चिकटवलेल्या कुरिअरच्या पावतीवर वजन होतं ५.४ किलो. पट्टे, बकलं आणि पिशवीचे सहाशे ग्रॅम वजा केले तर कापड जेमतेम शंभर जीएसएमचं निघतं. म्हणजे पैसे घेतले त्याच्या निम्मं कापड, आणि ही गोष्ट पार्सल न फोडताच दिसत होती.

ऑर्डरआधी पाठवलेले नमुन्याचे तुकडे मात्र अस्सल होते. हाही धंद्यातला जुना डाव: नमुना जाड ताग्यातला, माल पातळ ताग्यातला. तेव्हा तपासणी आलेल्या मालाचीच करायची. कव्हरबरोबर येणारी पिशवी बहुतेक वेळा त्याच कापडाची शिवलेली असते. कव्हराला कात्री न लावता पिशवीतून १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि कुठल्याही सोनाराकडच्या काट्यावर ठेवा. २ ग्रॅम भरला तर २०० जीएसएम, १ ग्रॅम भरला तर १००. कापताना पट्टी लावून कापा, कारण बाजू अर्धा सेंटिमीटर चुकली की हिशेब पाच टक्क्यांनी हलतो. पिशवीचं कापड वेगळं वाटलं तर घेराच्या आतली दुमड तुकडा घ्यायला चालते.

ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला एकच गोष्ट लेखी विचारा: तयार कव्हराचं, पट्टे आणि पिशवी सोडून, निव्वळ वजन किती? प्रामाणिक शिवणारा पाच मिनिटांत आकडा सांगतो. बाकीचे ‘क्वालिटीची गॅरंटी आमची’ म्हणतात.

आता ‘चार थर’. थंड देशांत ट्रेलरसाठी जी खरी बहुथरी कव्हरं मिळतात ती न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनची असतात. बाहेर आणि आत तंतूंचे मऊ थर, मध्ये बारीक छिद्रांची फिल्म, आणि हे सगळं ठिपक्याठिपक्यांनी गरम दाबून जोडलेलं. कोपरा नखाने उकलला तर थर सुटे होतात. इथे उकलायला काही नव्हतंच. साधं टॅफेटा, म्हणजे पातळ विणलेलं कृत्रिम कापड, आतून चंदेरी कोटिंग. विचारल्यावर मिळालेली मोजणी अशी: कापड एक, कोटिंग दोन, चंदेरी रंग तीन, आणि ‘वॉटर रिपेलंट फिनिश’ चार. या हिशेबाने रंगवलेल्या भिंतीलाही चार थर निघतील.

‘१९०टी’ हा आकडाही असाच मिरवला जातो. तो एका इंचातल्या उभ्या-आडव्या धाग्यांची बेरीज सांगतो, कापडाची जाडी किंवा ताकद नव्हे. धागा किती जाड ते डेनिअरवरून कळतं. म्हणून डेनिअर, कोटिंग कशाचं आणि जीएसएम, या तिन्ही गोष्टी बिलावर लिहून घ्याव्यात.

सर्वांत निर्लज्ज भाग झरोक्यांचा. कव्हराच्या दोन्ही बाजूंना वरच्या अंगाला तीन-तीन झरोके दिसत होते: वर कापडी झडप, खाली काळी जाळी. झडप उचलून जाळीत बोट खुपसल्यावर कळलं की जाळीच्या मागचं कापड कापलेलंच नाही. सहाच्या सहा झरोके नुसते वरून शिवलेले. फोटोत हे कधीच दिसणार नाही. त्यामुळे व्हिडिओ मागा, आणि त्यात झरोक्यातून आतल्या बाजूने बोट बाहेर काढून दाखवायला सांगा.

कापड हवा-वाफ सोडतं का, हे घरी असं कळतं. स्टीलच्या ग्लासात उकळतं पाणी अर्धं भरा, तोंडावर कापड ताणून रबर लावा आणि वर फ्रिजमधली थंड ताटली धरा. ताटलीवर वाफ धरली तर कापड वाफ सोडतं. ताटली कोरडी आणि कापड आतून ओलं, तर ‘ब्रीदेबल’ हा शब्द फक्त बिलावर. गळतीसाठी बादलीच्या तोंडावर कापड खोलगट बांधा, त्यात दोन लिटर पाणी ओता आणि रात्रभर ठेवा. मधल्या कापडातून सहसा काही गळत नाही, गळते ती शिवण. म्हणून शिवण खोलगट भागाच्या बरोबर मधोमध येईल असं बांधा. सुई जिथून जाते तिथे भोक पडतंच. ते आतून टेप चिकटवून बुजवलेलं नसेल तर ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ला अर्थ नाही.

इथपर्यंत खोटा माल झाला. पण माल खरा असता तरी गोव्यात तो कितपत चालला असता? आमचं मत स्पष्ट आहे: अंगाला चिकटून बसणारं कव्हर हा इथल्या पावसाळ्याचा उपायच नाही. युरोप-अमेरिकेत ट्रेलर हिवाळ्यात उभा राहतो. थंड हवेत बाष्प कमी, बर्फ वर पडून राहतो, आणि कव्हराचं मुख्य काम धूळ, पानं, ऊन अडवणं आणि आतली ओल बाहेर जाऊ देणं. वाफ सोडणारं कापडसुद्धा ओल्या बाजूकडून कोरड्या बाजूकडेच वाफ सोडतं. जुलैत आपल्याकडे बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असते, मग आतली ओल जाणार कुठे? वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, आणि हवा उबदार. बुरशीला याहून काय हवं? दुपारी उघडीप पडून ऊन आलं की कव्हराखालची जमीन वाफाळते. रात्री तीच वाफ कापडाच्या आतून थेंब होऊन छतावर पडते. वरून एक थेंब न येताही कॅराव्हॅन भिजते.

चंदेरी पापुद्र्यांचं कारणही हेच. पॉलियुरेथेनचं स्वस्त कोटिंग उष्णता आणि दमटपणात विघटित होतं, आधी चिकट होतं, मग सुटतं. कॅराव्हॅनच्या खिडक्या काचेच्या नसून बहुधा अ‍ॅक्रिलिकच्या असतात. त्यावर चिकटलेलं कोटिंग थिनर लावून काढायला गेलात तर खिडकी तडकते, पांढरी पडते. कोमट साबणपाणी, मऊ फडकं आणि सबुरी, एवढंच वापरा.

मापातली चोरी वेगळीच. कव्हर घेताना लांबी बॉडीची की ओढायच्या दांड्यासकट, हे लिहून घ्या. छतावरचा एसी किंवा अँटेना धरला आहे का तेही. या कव्हरात एसीची उंची धरलीच नव्हती, त्यामुळे खालचा घेर दोन्ही टोकांना वीतभर वर चढला आणि वारा तिथूनच आत शिरला. ताडपत्रीत हाच खेळ फुटांत होतो. १८ बाय २४ म्हणून विकलेली ताडपत्री मोजली की १७ बाय २३ भरते, कारण सांगितलेलं माप कड दुमडण्याआधीचं असतं. ४३२ चौरस फुटांचे पैसे देऊन ३९१ हातात. ‘तयार माप’ असं बिलावर लिहायला लावा, आणि दुकानातच टेप लावा. मेअखेरीच्या गर्दीत दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

किरकोळ वाटणाऱ्या दोन तपासण्या. दोरी ओवायच्या धातूच्या रिंगांना लोहचुंबक लावा. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियमला तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत एका पावसात गंजून कापडाला भोक पाडेल. शिवणीचा धागा जाळून बघा: कागदासारखा जळून राख झाली तर सुती, तो कुजणार. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम, तो चालेल.

मग करायचं काय? वर छप्पर, बाजू उघड्या. चुडतांच्या झांपांनी, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांनी, भिंती झाकणाऱ्या जुन्या लोकांनीही वारा खेळायला फट ठेवलेली असायची. वरच्या मापाच्या कॅराव्हॅनसाठी जीआय पाइपचा सांगाडा ६.७ बाय ३.४ मीटर, म्हणजे चारी बाजूंना साठ सेंटिमीटर पुढे. नैऋत्येच्या बाजूला पावळी एक मीटर ठेवली तर उत्तम, कारण झोत तिकडूनच येतो. छतावरच्या सर्वांत उंच भागापासून किमान ४५ सेंटिमीटर मोकळी जागा. मधोमध आढं, आणि कडेपेक्षा आढं किमान ४५ सेंटिमीटर उंच, म्हणजे पाण्याचं तळं होत नाही. खांब साठ सेंटिमीटर खोल काँक्रीटमध्ये. वर पत्रे परवडत असतील तर पत्रेच घाला. ताडपत्री घालायची तर २५० जीएसएमच्या खाली नको. एकच लांब दोरी सगळ्या रिंगांतून ओवू नका, ती एके ठिकाणी तुटली की सगळं सुटतं. प्रत्येक रिंगेला स्वतंत्र आखूड दोरी, आणि दोरी व पाइप यांच्यामध्ये जुन्या सायकल ट्यूबचा फास. वाऱ्याचा हिसका रबर खातं, रिंग फाटत नाही. झोताच्या बाजूला शेड नेट उभं लावा, पाणी तुटतं आणि हवा चालू राहते. माडाखाली मात्र काहीच उभारू नका.

कव्हर घेऊन बसलाच असाल तर छतावर लांबीभर पीव्हीसी पाइप फोमवर ठेवून कृत्रिम आढं करा, सगळ्या धारदार कडांना फोम बांधा, कव्हर आणि बॉडीमध्ये शेड नेट घाला, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचा घेर फूटभर वर ठेवा आणि उघडीप मिळाली की काढून वाळवा. फ्रिजचं दार अर्धवट उघडं, गाद्या उभ्या.

पैशांबद्दल. पार्सल मेअखेरीला येतं यात योगायोग नाही. ग्राहक पाऊस पडेपर्यंत थांबतो आणि दिवस निघून जातात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, परतीची मुदत बिलावर लिहिलेली नसेल तर सदोष माल तीस दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. बिल न देणंही. म्हणून तपासण्या माल आल्याच्या दिवशीच करा: पार्सल फोडतानाचा अखंड व्हिडिओ, कुरिअरच्या पावतीचा आणि काट्याचा फोटो, जाहिरातीचा स्क्रीनशॉट. दोष लेखी कळवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे भागलं नाही तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे. विक्रेता दुसऱ्या राज्यातला असला तरी तक्रार तुम्ही राहता तिथे करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. ‘कस्टम माल परत नाही’ या ओळीला घाबरू नका. प्रश्न माल आवडला-नावडल्याचा नाही, सांगितल्यापेक्षा निम्मं कापड दिल्याचा आहे. आणि ती पाच वर्षांची वॉरंटी? बारीक अक्षरांत ऊन, वारा आणि साचलेलं पाणी यांनी झालेलं नुकसान वगळलेलं होतं.

तक्रार केल्यावर एखादा ‘रिफंड विभागातून’ फोन येऊ शकतो. क्यूआर कोड पाठवतात, तो स्कॅन करून यूपीआय पिन टाका म्हणतात. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. गेलेच, तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा, बँकेला नंतर.