लिनक्सवर विद्यापीठाचे व्हीपीएन: अधिकृत क्लायंट, ओपनकनेक्ट की आणखी काही?

विद्यापीठांच्या मदतपानांवर व्हीपीएन, म्हणजे बाहेरून विद्यापीठाच्या जाळ्यात शिरण्याची सुरक्षित वाट, जोडण्याच्या सूचना विंडोज आणि मॅकसाठी सविस्तर असतात, लिनक्ससाठी मात्र बऱ्याचदा एखाद्या ओळीवर भागवलेले असते. त्यामुळे लिनक्स वापरणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा संशोधकाला कोणती वाट धरायची हे स्वतःच ठरवावे लागते. बहुतेकांनी ओपनकनेक्ट (व्हीपीएनला जोडून देणारा मुक्त प्रोग्राम) निवडावे, ते आधी टर्मिनलमधून, म्हणजे कमांड लिहून, चालवून पाहावे आणि जोडणी नीट जुळली की नेटवर्कमॅनेजर या लिनक्सच्या नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये बसवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अधिकृत क्लायंटची, म्हणजे व्हीपीएन कंपनीच्या स्वतःच्या प्रोग्रामची, गरज काही ठरावीक परिस्थितीतच पडते.

आधी सर्व्हर ओळखावा

ही निवड पूर्णपणे आपल्या हातात नसते. विद्यापीठाचा सर्व्हर जो प्रोटोकॉल (संवादाची ठरलेली पद्धत) वापरतो, तोच आपल्या संगणकालाही वापरावा लागतो. वायरगार्ड हा प्रोटोकॉल कितीही वेगवान असला, तरी पलीकडे सिस्को कंपनीचे उपकरण असेल तर त्याचा काही उपयोग नाही. म्हणून मदतपानावर विंडोजसाठी कोणता प्रोग्राम उतरवून घ्यायला सांगितला आहे हे पाहावे. तेथे एनीकनेक्ट किंवा सिस्को सिक्युअर क्लायंट असे लिहिलेले असेल, तर दोन्ही एकच समजावीत, कारण 2022 साली एनीकनेक्टचेच नाव बदलून सिक्युअर क्लायंट झाले. ग्लोबलप्रोटेक्ट म्हणजे पालो आल्टो कंपनी, फोर्टीक्लायंट म्हणजे फोर्टिनेट कंपनी. डॉट ओव्हीपीएन या शेवटाची फाइल दिलेली असेल, तर सर्व्हर ओपनव्हीपीएन या प्रोटोकॉलचा आहे. सर्व्हरचा पत्ता आणि लॉगिनसाठीच्या गटाचे नाव याच वेळी टिपून ठेवावे.

अधिकृत क्लायंट आणि ओपनकनेक्ट

अधिकृत क्लायंटचा सर्वांत मोठा फायदा जबाबदारीचा आहे. जोडणी बिघडली तर मदतकक्ष ऐकून घेतो, कारण प्रोग्राम त्यांनीच दिलेला असतो. अडचणी मात्र बऱ्याच आहेत. कंपन्या निवडक डिस्ट्रोंच्या (लिनक्सच्या उबुंटूसारख्या प्रकारांच्या) निवडक आवृत्त्यांनाच पाठिंबा देतात. सिस्कोचा क्लायंट पॅकेज व्यवस्थापकाकडून न येता बहुधा स्वतःच्या इन्स्टॉलरने ऑप्ट फोल्डरात बसतो, रूटच्या, म्हणजे संगणकावरील सर्वोच्च, अधिकाराने एक सेवा सतत चालू ठेवतो आणि जोडणी सुरू असताना कोणती वाहतूक कोणत्या वाटेने जाईल हे ठरवणाऱ्या मार्गांच्या तक्त्यात आपण केलेले बदल उलटवू शकतो. संगणकावर कंटेनर किंवा आभासी यंत्रे चालवणाऱ्याला ही शेवटची गोष्ट फार जाचते.

ओपनकनेक्ट याच गैरसोयींमधून जन्माला आले. सिस्कोचा क्लायंट लिनक्सवर तपासून पाहिला असता त्यात अनेक उणिवा आढळल्या, आणि म्हणून डेव्हिड वुडहाऊस यांनी हा मुक्त पर्याय लिहायला घेतला. नेटवर्कमॅनेजरशी मेळ नसणे, पॅकेज नीट न बांधलेले असणे आणि साध्या वापरकर्त्याच्या अधिकारात चालवता न येणे या त्यांतल्या काही उणिवा. आज ओपनकनेक्ट जवळपास प्रत्येक डिस्ट्रोच्या भांडारात मिळते आणि इतर पॅकेजांबरोबर अद्ययावत होत राहते. सुरुवातीला ते फक्त एनीकनेक्टसाठी होते. 2019 पासून त्यात ग्लोबलप्रोटेक्टचा पाठिंबा आला, आणि पल्स, फोर्टिनेट व एफ५ हे प्रोटोकॉलही आता त्याला कळतात. प्रोटोकॉल वेगळा असेल तर कमांडमध्ये त्याचे नाव द्यायचे, एवढाच फरक पडतो.

ओपनकनेक्ट जेथे अडते ती जागा म्हणजे संगणकाची तपासणी. काही विद्यापीठे लॉगिन करू देण्यापूर्वी विषाणूरोधक चालू आहे का, डिस्क कूटबद्ध आहे का, अशी विचारणा क्लायंटमार्फत करतात. या विचारणेला ठरावीक उत्तरे परस्पर पाठवणाऱ्या स्क्रिप्ट उपलब्ध आहेत, पण त्या वापरू नयेत असे मी आग्रहाने सांगेन. आपल्या यंत्राविषयी खोटी माहिती देऊन संस्थेच्या जाळ्यात शिरणे हा नियमभंग ठरू शकतो आणि त्याची किंमत खाते बंद होण्यात मोजावी लागू शकते. सर्व्हर अशी तपासणी मागत असेल तर अधिकृत क्लायंट घ्यावा, किंवा लिनक्ससाठी सवलत आहे का हे मदतकक्षाला लेखी विचारावे.

टर्मिनल की नेटवर्कमॅनेजर

ओपनकनेक्ट ठरल्यावर ते चालवायचे कसे, हा प्रश्न उरतो. रोजच्या वापरासाठी नेटवर्कमॅनेजर निःसंशय सोयीचे आहे. त्याचे ओपनकनेक्ट प्लगिन बसवले की वायफायच्याच यादीत व्हीपीएन दिसू लागते. उबुंटूसारख्या डिस्ट्रोवर ग्नोमसाठीचे पॅकेज वेगळे असते, आणि ते राहून गेले तर जोडणी तयार करण्याच्या खिडकीत हा प्रकार दिसतच नाही. प्लगिन काम करत नाही असे वाटले, तर पहिल्यांदा हेच तपासावे.

तरीही पहिली जोडणी टर्मिनलमधूनच करावी, असे सांगण्यामागे कारण आहे. नेटवर्कमॅनेजरच्या खिडकीत जोडणी फसली तर बहुधा नुसता अपयशाचा संदेश दिसतो, तर टर्मिनलमध्ये प्रत्येक टप्पा वाचता येतो. सुडोसह (रूटचा अधिकार देणारी कमांड) ओपनकनेक्ट आणि सर्व्हरचा पत्ता लिहिला की आधी सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची तपासणी होते, मग गटांची यादी येते, मग नाव आणि पासवर्ड विचारला जातो. प्रमाणपत्रावर विश्वास ठेवता येत नाही असा इशारा आला, तर सवयीने होकार देऊ नये. पत्ता चुकला आहे का आणि संगणकाचे घड्याळ बरोबर आहे का, हे पाहावे. काही ठिकाणी पासवर्डनंतर दुसरा पासवर्ड मागितला जातो आणि तेथे अनेकजण गोंधळतात. ड्युओ ही द्विस्तरीय पडताळणी असलेल्या सर्व्हरवर या रकान्यात ॲपमधला सांकेतिक अंक लिहायचा असतो, किंवा पुश हा शब्द रोमन लिपीत टाकून फोनवर मंजुरी द्यायची असते.

लॉगिन ब्राउझरमधून, म्हणजे विद्यापीठाच्या एकत्रित खात्याने होत असेल, तर जुन्या डिस्ट्रोवर ओपनकनेक्ट अडखळते. ही सोय अलीकडच्या आवृत्त्यांत आली आहे, त्यामुळे अशा वेळी डिस्ट्रो अद्ययावत करणेच श्रेयस्कर ठरते.

जोडणी झाली, तरी पान उघडत नाही

दोन्ही क्लायंटना लागू पडणारी ही तक्रार बहुधा डीएनएसची, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेची, असते. बाहेरची संकेतस्थळे चालतात, पण विद्यापीठाच्या अंतर्गत सर्व्हरचे नाव सापडत नाही. डीएनएससाठी सिस्टमडी रिझॉल्व्ह्ड ही सेवा वापरणाऱ्या डिस्ट्रोवर रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस ही कमांड दिली की प्रत्येक जोडणीचे डीएनएस सर्व्हर वेगवेगळे दिसतात. व्हीपीएनच्या जोडणीसमोर विद्यापीठाचा डीएनएस दिसत नसेल, तर दोष तेथेच आहे.

सगळी वाहतूक विद्यापीठातून न्यायची की फक्त तेथल्या सेवांपुरती, हा फरकही येथेच ठरतो. नेटवर्कमॅनेजरमध्ये आयपीव्ही४ विभागातील मार्गांच्या खिडकीत, ही जोडणी केवळ तिच्या जाळ्यातील साधनांसाठी वापरावी, अशा अर्थाचा एक पर्याय असतो. तो निवडल्यास बाकीची वाहतूक नेहमीच्या वाटेने जाते. मात्र नियतकालिके विद्यापीठाच्या आयपी पत्त्यावरून उघडायची असतील तर तो निवडू नये, कारण प्रकाशकाचा सर्व्हर बाहेर असतो आणि त्याला आपला घरचाच पत्ता दिसेल.

ओपनव्हीपीएन, वायरगार्ड आणि एज्युव्हीपीएन

विद्यापीठ यांपैकी काही देत असेल तर तुलनेचा प्रश्नच उरत नाही, तेच घ्यावे. ओपनव्हीपीएनची फाइल नेटवर्कमॅनेजरमध्ये थेट आयात करता येते. फाइलमधली प्रमाणपत्रे त्या वेळी होम फोल्डरातील एका लपलेल्या सर्ट फोल्डरात साठवली जातात, म्हणून साफसफाई करताना तो पुसू नये. वायरगार्ड मार्च 2020 मधील 5.6 आवृत्तीपासून लिनक्सच्या गाभ्यातच (कर्नलमध्ये) आहे. एज्युव्हीपीएन ही नेदरलँड्समधील सर्फ या संस्थेने सुरू केलेली शिक्षणसंस्थांसाठीची व्यवस्था असून ती याच दोन प्रोटोकॉलांवर चालते. तिच्या लिनक्स ॲपमध्ये संस्था निवडून ब्राउझरमधून लॉगिन केले की सेटिंग आपोआप येतात.

व्हीपीएन लागतेच का?

काम फक्त शोधनिबंध वाचण्याचे असेल, तर अनेक प्रकाशकांच्या पानांवर संस्थेमार्फत लॉगिन करण्याची सोय असते, आणि ग्रंथालयाचा प्रॉक्सी (मध्यस्थ सर्व्हर) असल्यास त्यानेही काम होते. विभागाच्या संगणकावर नुसते एसएसएचने (दूरच्या संगणकावर कमांड चालवण्याच्या सुरक्षित जोडणीने) जायचे असेल आणि विद्यापीठाने बाहेरून पोहोचता येणारा प्रवेश सर्व्हर ठेवला असेल, तर एसएसएचच्या सेटिंग फाइलमध्ये त्या सर्व्हरमार्गे पुढे नेणाऱ्या प्रॉक्सीजम्पची एक ओळ पुरते. त्यासाठी रूटचा अधिकार लागत नाही आणि संगणकाचे मार्ग किंवा डीएनएस यांना हातही लागत नाही.